कातीव वाडग्याचा रंग : जामसरचे रान, सावंतवाडीची लाख आणि एक कायदा

१/ जव्हार तालुक्यातील जामसर परिसरात आणि एकूणच कोकणपट्टीत भाकरीचे पीठ मळण्यासाठी लाकडी काठवट वापरण्याची रीत जुनी आहे. या काठवटीला रंग नसतो. याच पट्टीच्या दक्षिण टोकाला सावंतवाडीच्या चितार आळीत मात्र लाकडी वाडगे, करंडे आणि भातुकलीची भांडी लाल-पिवळ्या रंगांत झळकतात. लाकूड तेच, आकारही जवळपास तोच. मग एकीकडे रंग आला आणि दुसरीकडे का आला नाही? आजच्या धाग्यात या प्रश्नाचा मागोवा घेऊ.

२/ पहिला भेद घडणीचा. काठवट कोरली जाते. लाकडाचा ओंडका वाकसाने तासत, पोखरत तिला खोलगट आकार देतात. वाडगा किंवा करंडा कातला जातो, म्हणजे लाकूड फिरते राहते आणि हत्यार स्थिर असते. दुसरा भेद वापराचा. काठवटीत गरम पाणी पडते, पीठ रगडले जाते, ती रोज घासली जाते. असल्या भांड्यावर लाखेचा रंग चार दिवस टिकणार नाही, कारण लाख उष्णतेने मऊ पडते. म्हणून रंगीत कातीव भांडी कोरड्या वस्तूंसाठी राहिली : हळद-कुंकू, सुपारी, सुका मेवा, मुलांचा खेळ. काठवटीच्या रंगहीनतेत दारिद्र्य किंवा कलादृष्टीचा अभाव शोधू नये. ती उपयोगाची शिस्त आहे. त्याच मुलुखात लग्नाच्या वेळी सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या आहेत. रंगाची जागा भिंत होती, भांडे नव्हे.

३/ कातकाम करणारा तो कातारी. या धंद्याने मराठीला एक सुंदर विशेषण दिले : कातीव. कातीव खांब, कातीव मूर्ती, कातीव बांधा असे आपण सहज म्हणतो, तेव्हा मूळ प्रतिमा फिरत्या लाकडावर धार धरून बसलेल्या कारागिराचीच असते. धंदाही फार प्राचीन. पाली सतिपठ्ठान सुत्तात ध्यान करणाऱ्या भिक्षूची तुलना कुशल कातारी आणि त्याच्या शिष्याशी केली आहे : लांब ओढ घेताना ती लांब आहे आणि आखूड घेताना ती आखूड आहे, याचे त्याला पुरते भान असते. श्वासाचे भान समजावण्यासाठी हा दृष्टान्त निवडला गेला, याचा अर्थ श्रोत्यांना हे दृश्य रोजच्या पाहण्यातले होते.

४/ या दृष्टान्तातील ‘ओढ’ समजून घेण्यासाठी जुने यंत्र डोळ्यांसमोर आणायला हवे. जमिनीलगत दोन आधार, त्यांच्यात अणकुचीदार टोकांवर अडकवलेला लाकडाचा तुकडा आणि त्याभोवती वेढा घातलेली दोरी. दोरी पुढे-मागे ओढली की लाकूड एकदा एका दिशेला आणि एकदा उलट दिशेला फिरते. धार फक्त एका दिशेच्या फेऱ्यात लागते. उलट फेऱ्यात हत्यार किंचित मागे घ्यावे लागते. धनुकलीने फिरवायचे यंत्र एकटा चालवू शकतो, पण मोठ्या कामाला दोरी ओढणारा दुसरा माणूस लागतो. हा दुसरा माणूस बहुधा घरचाच असे. म्हणजे एका वाडग्यात किमान दोघांची मेहनत असे, आणि नाव एकाचे होई.

५/ आता रंगाकडे वळू. लाख हा एका सूक्ष्म कीटकाचा स्राव आहे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे कीटक हजारोंच्या संख्येने बसतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचे कवच तयार करतात. फांदीवरचे हे कवच खरवडून, धुऊन, वितळवून लाख मिळते. धुतलेल्या पाण्यात उतरतो तो लाल रंग, म्हणजे अळित्याचा रंग. एकाच कीटकाकडून रंग आणि रोगण अशा दोन्ही वस्तू मिळतात, हे ध्यानात ठेवा. पुढे या दोहोंचे भवितव्य फार वेगळे झाले.

६/ लाखेचे उल्लेख जुने आहेत. अथर्ववेदात ती जखम भरून आणणारी औषधी म्हणून येते. महाभारतातील लाक्षागृह सर्वांना ठाऊक आहे; लाख भराभर पेटते, या व्यवहारज्ञानावरच तो कट उभा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलाने ‘आइन-ए-अकबरी’त लाखेच्या रोगणासंबंधीचे नियम नोंदवले. तोवर लाख ही दरबाराच्या हिशेबात मोजली जाणारी वस्तू झाली होती.

७/ वाडग्यावर लाख चढवण्याची रीत अशी. लाख तापवून मऊ करतात, तिच्यात रंगद्रव्य मिसळून ती कुटतात, ओढतात, पुन्हा तापवतात आणि शेवटी तिच्या कांड्या वळतात. घासून गुळगुळीत केलेला वाडगा यंत्रावर फिरत असतानाच ही कठीण कांडी त्यावर दाबून धरायची. घर्षणाने ऊब निर्माण होते, तेवढ्या उबेने लाख वितळून लाकडाला चिकटते. मग केवड्याच्या पानाचा तुकडा किंवा तेलाचे बोट लावलेली चिंधी दाबून थर एकसारखा करतात. इथे कुंचला नाही, वाळवण्याचा वेळ नाही, दुर्गंधी नाही. यंत्र थांबले की वाडगा तयार.

८/ यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. रंग फक्त फिरत्या लाकडावर चढतो, म्हणून त्याची स्वाभाविक नक्षी म्हणजे वलय. लाखेच्या कातीव भांड्यांवर जगभर पट्टे आणि कडी दिसतात, ती कुणाची आवड म्हणून नव्हे. ती यंत्राची सही आहे. याच मर्यादेशी खेळून कारागिरांनी युक्त्या शोधल्या. पंजाबात एकावर एक वेगवेगळ्या रंगांचे थर देऊन वरचा थर टोकदार सुईने खरवडत आणि खालचा रंग उघडा करीत. कच्छमधील वाढा कारागीर कांडी हलवत नेऊन लाटांसारखी नक्षी उठवतात. गुजरातेतील संखेडा येथे कुंचल्याने चित्र काढून त्यावर लाख देतात आणि अकीकाने घोटतात. कर्नाटकातील चन्नपट्टण आणि आंध्रातील एटिकोप्पाका यांनी वलयाचेच सौंदर्य पराकोटीला नेले.

९/ सावंतवाडीचे वैशिष्ट्य हे की तिथे कातकामाच्या शेजारी कुंचला बसला. चितारी कुटुंबे लाकडी फळे, भाज्या, पाट, चौरंग आणि भातुकली तशीच गंजिफाही रंगवीत. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा रंगांची, प्रत्येकी १२ पानांची, एकूण १२० गोल पाने. वाटोळ्या पानावर मत्स्य किंवा वराह नेमका बसवणाऱ्या हाताला वाटोळ्या वाडग्यावर वेल फिरवणे अवघड नव्हते. लाकडासाठी पांगाऱ्यासारखे हलके झाड सोयीचे, कारण ते चटकन कापले जाते आणि खेळणे मुलाच्या हाताला जड होत नाही.

१०/ १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडीचा आहे. त्या काळच्या सरकारी ग्रंथांत सावंतवाडीचे उद्योग म्हणून लाखेची खेळणी, गंजिफा, वाळ्याचे पंखे आणि शिंगाच्या वस्तू यांची नोंद होते. नोंद वस्तूंची होते. घडवणाऱ्यांची नावे मात्र येत नाहीत. भारतीय हस्तकलेच्या इतिहासलेखनाची ही जुनी खोड आहे, आणि आजच्या विक्रीच्या लेबलांतही ती शाबूत आहे.

११/ इथे एका लोकप्रिय समजुतीला छेद द्यायला हवा. ‘जुने रंग नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ असे सर्रास म्हटले जाते. लाख स्वतः निरुपद्रवी आहे, हे खरे. पण तिच्यात मिसळली जाणारी जुनी रंगद्रव्ये पाहा : पिवळ्यासाठी हरताळ, म्हणजे आर्सेनिकचे संयुग, तांबड्यासाठी हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे, हरताळात नीळ मिसळली की हिरवा. गेरू आणि काजळ निर्धोक, पण उजळ रंगांपैकी कित्येक विषारी. धोका सर्वाधिक होता तो कारागिराला, कारण द्रव्य कुटणारा आणि तापत्या लाखेत मिसळणारा तोच.

१२/ एकोणिसाव्या शतकात दोन आघात झाले. १८५६ मध्ये पर्किनने पहिला कृत्रिम रंग तयार केला आणि पुढील काही दशकांत लाखेच्या लाल रंगाचा व्यापार मोडला. त्याच सुमारास उरलेल्या राळेची मागणी मात्र वाढत गेली. ग्रामोफोनच्या तबकड्यांत हीच लाख वापरली जाई. आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकलेली नाट्यगीते, अर्थात, एका किड्याच्या कवचावर कोरलेली होती. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकच्या तबकड्या आल्या आणि तीही बाजारपेठ ओसरली.

१३/ कारागिरांपुढे मात्र वेगळेच संकट होते. १९४८ मध्ये सावंतवाडी आणि जव्हार ही दोन्ही संस्थाने विलीन झाली. दरबारी आश्रय संपला. छापील पत्ते आणि प्लास्टिकची खेळणी स्वस्त होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या जाणत्या चिताऱ्यांकडून विद्या घेऊन राजवाड्यातच कामाला पुन्हा चालना दिली. एखादी कला वाचते ती शिकणारे मिळाले म्हणून, याचे हे ठळक उदाहरण आहे. आजही राजवाड्यात बसून रंगवणारे हात पाहता येतात.

१४/ आता उत्तरेकडे परत येऊ. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून वारली चित्रकला भिंतीवरून कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी तिला जगभर नेले. कागदानंतर ती कापडावर, बरणीवर, ट्रेवर आणि आता यंत्रावर कातलेल्या लाकडी वाडग्यावरही उतरली आहे. वाडगा एका ठिकाणी तयार होतो, रंगवणारा दुसरीकडे, विकणारा तिसरीकडे. लाखेच्या कामात घडवणे आणि रंगवणे ही एकाच फिरकीतील क्रिया होती. इथे ती तुटली. अशा साखळीत चित्र काढणाऱ्याला नगावर मजुरी मिळते आणि वस्तूच्या किमतीवर त्याचा अधिकार राहत नाही. जव्हार-मोखाड्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे निघतात. त्यांच्यासाठी हा सौंदर्यशास्त्राचा वाद नसून वर्षातील सहा महिने गावात राहता येते की नाही, हा प्रश्न आहे.

१५/ गावातच घडवणे आणि रंगवणे पुन्हा जोडता येईल काय? रानाकडे पाहा. चन्नपट्टण आणि एटिकोप्पाका यांचे लाडके लाकूड ज्या झाडाचे, ते आपल्याकडे काळा कुडा म्हणून ओळखले जाते. सह्याद्रीच्या या बाजूच्या पानगळीच्या जंगलात कुडा, पांगारा, शिवण आहेत. लाखेचा कीटक ज्यावर वाढतो तो पळसही आहे. कच्चा माल परका नाही. परकी झाली ती मालकी.

१६/ मालकीचा इतिहास कायद्यात लिहिलेला आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ‘वनउपजा’च्या व्याख्येत लाकूड, कोळसा, राळेच्या पंक्तीत ‘लाख’ हा शब्द नावानिशी येतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात तोच शब्द पुन्हा नावानिशी येतो, पण या वेळी ‘गौण वनोपजा’च्या यादीत, आणि परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर मालकी वनवासी समाजाची, असे हा कायदा सांगतो. ७९ वर्षांच्या अंतराने तीच लाख सरकारच्या यादीतून लोकांच्या यादीत आली. लाकूड मात्र त्या यादीबाहेरच राहिले. वाडग्याचा रंग गावाचा होऊ शकतो. वाडगा अजून नाही.

१७/ बाजारातही नियम आहेत. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले, तेव्हा नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि भौगोलिक मानांकन असलेली उत्पादने यांना त्यातून सूट दिली गेली. सूट नोंदणी असलेल्यालाच मिळते. म्हणून कारागीर ओळखपत्र हा कागद आज कांडीइतकाच कामाचा आहे. जे कारागीर ही वस्तू करतात किंवा करू पाहतात, त्यांच्यापर्यंत एवढी माहिती पोहोचवलीत, तर या धाग्याचे सार्थक होईल.

१८/ आणि आपण ग्राहक म्हणून? रंगीत लाकडी वाडगा हाती घ्याल तेव्हा दोन गोष्टी विचारा : हा रंग लाखेचा की डब्यातला, आणि कातणारा व रंगवणारा कोण? लाखेचा असेल तर त्यात गरम आमटी वाढू नका. सुका मेवा ठेवा, तो पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. डब्यातल्या रंगाचा असेल तर तो शोभेपुरता ठेवा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुकानात बहुधा मिळणार नाही. तरी विचारा. १८८० च्या ग्रंथात न आलेली नावे आजच्या लेबलावर येण्याची सुरुवात विचारण्यापासूनच होईल.