होळकरांचा माणिकबाग राजवाडा बांधणारा जर्मन आर्किटेक्ट कोण होता?

धुळ्याहून आग्रा रोडने निघालं की शिरपूर, सेंधवा करत गाडी इंदूरला पोहोचते. होळकरांचं इंदूर. खानदेशाला हे घराणं परकं नाही. घराण्याचे संस्थापक मल्हारराव वाढले ते तळोद्याला, आपल्या मामाकडे. तळोदा आता नंदुरबार जिल्ह्यात येतं, १९९८ पर्यंत ते धुळ्यातच होतं.

याच घराण्यातल्या यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या सुमारास एक वेगळाच राजवाडा बांधायला काढला. ना नक्षीदार खांब, ना झुंबरं. काम दिलं एकार्ट मुथेसियस या जर्मन आर्किटेक्टला. महाराज तेव्हा बावीस वर्षांचे, मुथेसियस सव्वीसचा! दोघांची ओळख महाराज ऑक्सफर्डला शिकत असतानाची.

मुथेसियसचा जन्म १९०४ चा. वडील हर्मन मुथेसियस हे जर्मनीतले मोठे आर्किटेक्ट. कारखान्यात बनणारी वस्तूही देखणी असावी, या विचाराने १९०७ साली तिथे कलाकार आणि उद्योजकांची जी संघटना उभी राहिली, तिच्यामागे ते होते. मुलगा त्याच वातावरणात वाढला.

माणिकबाग १९३३ पर्यंत पूर्ण झाला. खिडक्या, दिवे असं बरंचसं सामान जर्मनीत तयार करून बोटीने भारतात आणलं. राजवाड्यात एअर कंडिशनिंग होतं. मुथेसियसने फक्त भिंती उभारल्या नाहीत, फर्निचरही स्वतः डिझाइन केलं. त्यातल्या लाल आरामखुर्च्या आजही गाजतात, कारण वाचायचे दिवे खुर्चीतच बसवलेले. बाकीच्या वस्तू आयलीन ग्रे, रूलमान, ल कॉर्बुझिए अशा त्या काळातल्या बड्या डिझायनर्सच्या. महाराजांसाठी त्याने रेल्वेचा डबासुद्धा सजवला.

महाराणी संयोगिताराजे कागलच्या घाटगे घराण्यातल्या. १९३७ मध्ये त्यांचं अकाली निधन झालं. पुढे ब्रांकुसी हा जगप्रसिद्ध शिल्पकार ध्यानमंदिराच्या कामासाठी इंदूरला येऊन गेला, पण ते मंदिर झालंच नाही. महायुद्ध आलं आणि मुथेसियसचं भारतातलं काम संपलं. १९८९ मध्ये तो गेला. त्याचं सगळ्यात मोठं काम मात्र इंदूरचंच राहिलं.

खरा घाव बसला तो महाराजांच्या पश्चात. यशवंतराव १९६१ साली वारले. मे १९८० मध्ये माणिकबागच्या फर्निचरचा मोनॅकोत लिलाव झाला आणि एका घरासाठी जमवलेल्या वस्तू जगभर पांगल्या. महाराजांनी ब्रांकुसीकडून घेतलेल्या तीन पक्षीशिल्पांपैकी संगमरवरी दोन त्याआधीच ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या संग्रहालयात गेली होती. २०१९ मध्ये पॅरिसमध्ये या महाराजांवर प्रदर्शन भरलं, तेव्हा पांगलेल्या काही वस्तू पुन्हा एका छताखाली आल्या. ते छत अर्थात माणिकबागचं नव्हतं.

इमारत इंदुरात उभी आहे. तिथे केंद्र सरकारचं कस्टम्स आणि जीएसटीचं ऑफिस आहे. राजवाडा आतून कसा दिसायचा ते बघायचं, तर मुथेसियसने स्वतः काढलेले फोटो उपलब्ध आहेत.