आजोबांची कथा, नातवाचा चित्रपट

बालवाङ्मय म्हणजे वाङ्मयाचे धाकटे भावंड, अशी समजूत आपणा शिक्षकांतही रूढ आहे. ती कितपत खरी, हे ‘गूपी गाइन बाघा बाइन’ या बंगाली अद्भुतपटाच्या इतिहासावरून तपासून पाहण्याजोगे आहे.

उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१३ साली कलकत्त्यास ‘संदेश’ हे मुलांचे मासिक काढले आणि १९१५ साली त्यात ही कथा लिहिली. बेसूर गाणारा गूपी व बेताल ढोल बडवणारा बाघा गावाबाहेर घालवले जातात; रानात भुतांचा राजा प्रसन्न होतो आणि त्यांच्या संगीताने ऐकणारा जागच्या जागी खिळून राहू लागतो. त्याच वर्षाच्या अखेरीस उपेंद्रकिशोर निवर्तले. नातू सत्यजित राय यांचा जन्म १९२१ चा. त्यांना आजोबांचा सहवास लाभला नाही, लाभली ती कथा.

मुलांसाठी चित्रपट काढावा, हा आग्रह सत्यजितबाबूंच्या लहानग्या मुलाचा, संदीपचा. परंतु अशा खर्चिक कल्पनेस भांडवल मिळणे कठीण झाले. अखेर पूर्णिमा पिक्चर्सने भार उचलला, तरी रंगीत चित्रणाची हौस शेवटच्या काही दृश्यांपुरतीच भागवावी लागली. या अडचणीतून कल्पकता मात्र उणावली नाही. भुतांच्या नृत्यास मृदंगम्, घटम्, खंजिरा व मोरसिंग या दाक्षिणात्य वाद्यांची साथ योजली; शुंडी व हल्ला ही दोन राज्ये राजस्थानात उभी केली; गीते व संगीतही रायांनी स्वतःच रचले. मूळ कथेतील युद्धाचा प्रसंग त्यांनी विस्तारून केंद्रस्थानी आणला. आकाशातून मिठाईची मडकी उतरतात आणि उपाशी सैनिक शस्त्रे टाकून तिकडे धावतात, तेव्हा मुले हसतात. वडीलधाऱ्यांना मात्र त्या हसण्यातील अर्थ उमगतो.

१९६९ साली चित्रपट प्रदर्शित झाला व बंगालमध्ये जवळजवळ वर्षभर चालला. राष्ट्रीय पारितोषिकांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मानही त्यास मिळाला. बर्लिनच्या महोत्सवात तो स्पर्धेत होता. परंतु पश्चिमेकडील स्वागत घरच्या मानाने थंडच राहिले. याचे कारण दूर शोधावयास नको. बंगाली प्रेक्षक ही भुते लहानपणापासून ओळखत होता. परक्या प्रेक्षकास ती प्रथमच भेटत होती. अद्भुताला प्रेक्षकाच्या बालपणीच्या स्मृतीचा आधार लागतो, आणि ती स्मृती कोणीतरी आधी मुलांच्या हाती दिलेली असावी लागते.

मराठीत विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ मासिक १८८१ सालीच, म्हणजे ‘संदेश’च्या बत्तीस वर्षे आधी, निघाले होते. तेव्हा वारशात आपण उणे नव्हतो. प्रश्न एवढाच, की आजोबांची पुस्तके नातवांच्या हाती पडतील अशी व्यवस्था आपण आपल्या शाळांतून ठेवली आहे काय? त्याचे उत्तर चित्रपटगृहात नव्हे, शाळेच्या कपाटात शोधावयाचे आहे. आणि त्या कपाटाची किल्ली बहुधा आपल्याच खिशात असते.