अवकाश उद्वाहक

अवकाश उद्वाहक (बोलीभाषेत ‘अवकाशाची लिफ्ट’) म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्तावरून थेट अवकाशात गेलेल्या ताणलेल्या दोरावरून माणसे व सामान वर नेण्याची प्रस्तावित वाहतूक व्यवस्था होय. असा उद्वाहक अद्याप कोठेही बांधला गेलेला नाही. भौतिकशास्त्राच्या कोणत्याही नियमाने ही कल्पना बाद ठरत नाही. पुरेसा बळकट व पुरेसा लांब दोर तयार करता येत नाही, ही तिची पहिली अडचण आहे. या विषयावरील लोकप्रिय लेखनात बहुधा या एकाच अडचणीची चर्चा होते. दोर मिळाल्यानंतर उभे राहणारे प्रश्न मात्र तितकेच गंभीर आहेत.

तत्त्व व रचना

विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किमी उंचीवरील भूस्थिर कक्षेत फिरणारा उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाच्या गतीनेच फिरतो, त्यामुळे तो जमिनीवरून आकाशात एका जागी स्थिर दिसतो. अशा ठिकाणाहून एक दोर खाली पृथ्वीकडे आणि त्याचा तोल सांभाळण्यासाठी दुसरा वर अवकाशाकडे सोडत नेला, तर खालचा भाग गुरुत्वाकर्षणाने खाली आणि वरचा भाग केंद्रोत्सारी प्रेरणेने बाहेर ओढला जातो. वरच्या टोकाला प्रतिभार जोडला की संपूर्ण दोर ताठ राहतो. गोफण फिरवताना तिच्या दोऱ्या ताठ राहतात, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच उद्वाहकाला मनोरा म्हणणे बरोबर नाही. मनोऱ्याचा भार जमिनीवर पडतो. येथे दोर वरून लोंबकळत असतो आणि त्याला जमिनीशी बांधून ठेवावे लागते. या दोराला चाकांनी पकडून वर चढणाऱ्या वाहनाला आरोहक म्हणतात.

इतिहास

रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टांटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १८९५ मध्ये पॅरिसचा आयफेल टॉवर पाहून सुचलेली भूस्थिर उंचीपर्यंतच्या मनोऱ्याची कल्पना मांडली. एवढ्या उंच मनोऱ्याचा भार पेलणारे कोणतेही द्रव्य नसल्यामुळे ती व्यवहार्य नव्हती. वरून खाली दोर सोडण्याचा मूळ विचार लेनिनग्राडचे अभियंते युरी आर्त्सुतानोव्ह यांचा. तो १९६० मध्ये ‘कोम्सोमोल्स्काया प्रावदा’ या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाला आणि पाश्चात्त्य देशांत बराच काळ अज्ञात राहिला. पुढे १९७५ मध्ये अमेरिकी अभियंते जेरोम पिअरसन यांनी स्वतंत्रपणे या रचनेचे सविस्तर गणित मांडले.

सामान्य वाचकांपर्यंत ही कल्पना पोहोचली ती आर्थर सी. क्लार्क यांच्या १९७९ मधील ‘द फाउंटन्स ऑफ पॅराडाइज’ या कादंबरीमुळे. क्लार्क श्रीलंकेत स्थायिक झाले होते. कादंबरीतील बेट त्यांनी श्रीलंकेवरूनच बेतले. परंतु उद्वाहकाला विषुववृत्त हवे, म्हणून ते सुमारे ८०० किमी दक्षिणेकडे सरकवले. कादंबरीकाराला ही मुभा असते, अभियंत्याला नसते.

सुमिओ इजिमा यांच्या १९९१ मधील शोधनिबंधानंतर कार्बन नॅनोनलिकांकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले आणि या विषयाला नवी उभारी आली. ब्रॅडली एडवर्ड्स यांनी नासाच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासात सुमारे १,००,००० किमी लांबीची पातळ फीत, समुद्रातील तरता तळ आणि लेझरद्वारे ऊर्जा मिळणारे आरोहक सुचवले. जपानमधील ओबायाशी या बांधकाम कंपनीने २०१२ मध्ये, २०५० पर्यंत ९६,००० किमी लांबीच्या दोराचा उद्वाहक उभारण्याचा मानस जाहीर केला.

फायदे

अग्निबाणाला स्वतःचे इंधनही वाहून न्यावे लागते. इस्रोच्या पीएसएलव्ही प्रक्षेपकाचे उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे ३२० टन असते आणि तो सूर्यसमकालिक ध्रुवीय कक्षेत जेमतेम १.७५ टनांचा उपग्रह पोहोचवतो. उद्वाहकात ऊर्जा बाहेरून पुरवली जाते. एक किलोग्रॅम वस्तू दोरावरून भूस्थिर उंचीपर्यंत चढवण्यास लागणारी किमान ऊर्जा साधारण साडेतेरा युनिट विजेइतकी भरते. लेझरने ऊर्जा पाठवताना मोठी गळती होईल, तेव्हा प्रत्यक्ष आकडा याच्या अनेक पट असेल. तरीही तो अग्निबाणाच्या मानाने अल्पच राहील. कक्षेत राहण्यासाठी लागणारा आडवा वेग आरोहकाला दोराकडून, म्हणजे अंतिमतः पृथ्वीच्या परिवलनातून मिळतो.

प्रवासात धक्के व कंपने नसल्यामुळे नाजूक उपकरणे आणि मोठे सांगाडे वर नेता येतील. सामान सुखरूप खालीही आणता येईल. दोरावर सुमारे ४६,७०० किमीहून अधिक उंचीवरून सोडलेली वस्तू इंधन न जाळता पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून कायमची सुटते. ग्रहांकडे जाणाऱ्या यानांच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा लाभ ठरावा.

मर्यादा

एक गैरसमज सर्रास आढळतो. उद्वाहकाने ४०० किमी उंची गाठून तेथे उपग्रह सोडला की तो पृथ्वीभोवती फिरू लागेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीच्या तुलनेत सुमारे ८८ टक्के असते आणि दोराचा आडवा वेग अगदी कमी असतो, त्यामुळे उपग्रह सरळ खाली कोसळेल. सोडलेली वस्तू वातावरणात न शिरता कक्षेत राहावी, यासाठी सुमारे २३,४०० किमीपर्यंत चढावे लागते. भूनिरीक्षणाच्या उपग्रहांना हवी असलेली खालची कक्षा गाठण्यास उद्वाहक गैरसोयीचाच आहे.

अडचणी व धोके

खोल विहिरीत सोडलेल्या दोराला पोहऱ्याबरोबर स्वतःचेही वजन पेलावे लागते. येथे तो दोर हजारो किलोमीटरचा आहे. केव्हलरचा सर्वत्र सारख्या जाडीचा दोर पृथ्वीवर टांगला, तर सुमारे २५० किमी लांबीला तो स्वतःच्या वजनाने तुटतो. उद्वाहकाला याच मापाने सुमारे ४,९०० किमीची क्षमता हवी. दोर भूस्थिर उंचीवर जाड व टोकांकडे निमुळता केल्यास कमी बळकट द्रव्यही चालते. पण केव्हलरच्या बाबतीत मधल्या भागाचा छेद टोकाच्या कोट्यवधी पट होतो. कार्बन नॅनोनलिकांचे सैद्धांतिक सामर्थ्य पुरेसे आहे. मात्र २०१३ मध्ये चीनच्या त्सिंगहुआ विद्यापीठात तयार झालेल्या विक्रमी नलिकांची लांबी अर्ध्या मीटरच्या आसपास होती.

द्रव्याचा प्रश्न सुटला, तरी अवकाशातील कचऱ्याचा प्रश्न राहतो. प्रत्येक उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताच्या प्रतलाला छेदते आणि पृथ्वीसह दोरही फिरत असतो. त्यामुळे भूस्थिर कक्षेखालून जाणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू कधी ना कधी दोराच्या जागी येणारच. चालू उपग्रह मार्ग बदलू शकतात. मृत उपग्रह व त्यांचे तुकडे बदलू शकत नाहीत. फेब्रुवारी २००९ मध्ये इरिडियम व कॉसमॉस उपग्रहांची टक्कर होऊन हजारो तुकडे पसरले. खालच्या कक्षांत असे तुकडे सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने फिरतात. समुद्रातील तळ हलवून दोर बाजूला घेण्याचा आणि एका छिद्राने तो तुटू नये म्हणून रुंद फीत वापरण्याचा एडवर्ड्स यांचा उपाय विचारपूर्ण आहे. पण लहान तुकड्यांचा माग जमिनीवरून लागत नाही. थोडक्यात, उद्वाहक उभारण्यापूर्वी खालच्या कक्षा झाडून काढाव्या लागतील आणि हे काम कोणा एका देशाला परवडणारे नाही.

ताशी २०० किमी वेगाने भूस्थिर उंची गाठण्यास साडेसात दिवस लागतात आणि त्यातील बराच काळ व्हॅन ॲलन प्रारण पट्ट्यांत जातो. अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांनी हे पट्टे काही तासांत ओलांडले होते. प्रवासी न्यायचे तर जड संरक्षक कवच हवे. म्हणजे वाचवलेले वजन पुन्हा वाढले. याशिवाय विजा, वादळे आणि वातावरणाच्या वरच्या थरातील, कार्बनची झीज करणारा आण्विक ऑक्सिजन यांचाही विचार करावा लागतो. दोर तुटल्यास तुटीच्या वरचा भाग दूर जाईल आणि खालचा पूर्वेकडे पडेल. तूट जितकी उंचावर, तितका पडणारा भाग लांब.

मालकीचा प्रश्न

अवकाशावर कोणत्याही राष्ट्राला सार्वभौमत्व सांगता येत नाही, असे १९६७ चा बाह्य अवकाश करार म्हणतो. तरीही १९७६ च्या बोगोटा जाहीरनाम्यात कोलंबिया, इक्वेडोर, केनिया, इंडोनेशिया आदी विषुववृत्तीय देशांनी आपापल्या भूमीवरील भूस्थिर कक्षेच्या भागावर हक्क सांगितला होता. तो मान्य झाला नाही. उद्वाहकाचे एक टोक जमिनीवर किंवा समुद्रावर आणि दुसरे अवकाशात असेल, तेव्हा कोणता कायदा कोठपर्यंत चालणार, हे ठरवावे लागेल. स्वस्त मार्ग एकच असेल, तर त्याच्या दाराशी बसणाऱ्याच्या हाती इतरांच्या अवकाश कार्यक्रमांचीही चावी राहील.

सद्यस्थिती

जपानच्या शिझुओका विद्यापीठाने २०१८ मध्ये दोन लहान उपग्रह व त्यांमधील सुमारे १० मीटरच्या तारेवरून सरकणारा छोटा आरोहक यांचा प्रयोग अवकाशात पाठवला. दरम्यान, डिसेंबर २०१५ मध्ये फाल्कन ९ प्रक्षेपकाचा पहिला टप्पा जमिनीवर सुखरूप उतरल्यापासून पुनर्वापराचे अग्निबाण रूढ झाले आणि उद्वाहकाचा स्वस्ताईचा दावा पूर्वीइतका बिनतोड राहिला नाही. चंद्राचे गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे तेथील उद्वाहकासाठी आज उपलब्ध असलेले कृत्रिम धागेही पुरतील, असे गणित सांगते; त्यामुळे काही संशोधक पृथ्वीऐवजी चंद्रापासून सुरुवात करावी असे सुचवतात.