वतन जन्माने, लायसन्स परीक्षेने : उजनीकाठच्या तरुणांनी वाचावा असा विम्याचा इतिहास

विम्याचे लायसन्स काढणे हा चळवळीचा विषय आहे का? आपल्यातले बरेच कार्यकर्ते म्हणतात, नाही. तो पोटापाण्याचा विषय आहे, ज्याला करायचे त्याने करावे. मला हे मान्य नाही. विमा हा विषय खुद्द बाबासाहेबांनी राज्यघटनेत घालायला सांगितला होता. करमाळा, माढा, इंदापूरच्या धरणकाठच्या वस्त्यांना तर त्या मागणीचा अर्थ सर्वांत आधी कळायला हवा. नुकसान झाल्यावर पैसा कोणाच्या हातात पडतो आणि कोण रिकाम्या हाताने परत येतो, हे या काठाने पाहिलेले आहे.

भरपाई कोणाची?

भीमा नदीवरच्या उजनी धरणाचे काम 1966 साली सुरू झाले आणि 1980 साली पूर्ण झाले. भिंत माढा तालुक्यात, पण सुमारे 117 टीएमसीच्या या जलाशयाचे पाणी करमाळा, इंदापूर, कर्जत आणि दौंड तालुक्यांत मागे पसरले. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर वर येते आणि वर्तमानपत्रांत त्याचे फोटो छापून येतात. बुडालेल्या गावांच्या महारवाड्यांचा आणि मांगवाड्यांचा फोटो मात्र कधी येत नाही. तिथे दगडी शिखर नव्हते.

धरणाचे काम सुरू झाले तेव्हा जमिनी घेण्याचा आधार होता 1894 चा भूसंपादन कायदा. हा इंग्रजांचा कायदा जमीन मोजत होता, विहीर मोजत होता, झाड आणि घर मोजत होता. ज्याच्या नावावर सातबारा, त्याला मोबदला. जो दुसऱ्याच्या शेतात राबत होता, त्याचे काम बुडाले. पण ते मोजायचा रकाना त्या कायद्यात नव्हता.

आता याला आपला इतिहास जोडून पाहा. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. प्रत्यक्ष निर्मूलन व्हायला पुढची तीस वर्षे गेली. 1958 चा कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन कायदा 1 ऑगस्ट 1959 पासून लागू झाला. वतनी जमीन सरकारजमा झाली आणि कब्जेहक्काची रक्कम भरून ती पुन्हा आपल्या नावावर करून घ्यायची होती, तीही नवीन शर्तीची. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नव्हती. 1959 ते 1966 म्हणजे मध्ये फक्त सात वर्षे. ज्या घराने या सात वर्षांत कागद पूर्ण केला, त्याची जमीन मोबदल्याच्या यादीत यायला आधार होता. ज्याचा कागद अर्धवट राहिला, त्याच्याकडे दाखवायला काय होते? आणि ज्याच्याकडे वतनही नव्हते, फक्त मजुरी होती, त्याचे काय?

सांगायचा मुद्दा असा की भरपाई मालमत्तेमागे जाते. ज्याला पिढ्यान् पिढ्या मालमत्ताच ठेवू दिली नाही, त्याच्या नुकसानीला किंमत लागत नाही. विमा ही वेगळी गोष्ट आहे. तो माणसाच्या आयुष्याला, त्याच्या कमाईला किंमत लावतो. सातबारा नसला तरी माणूस आहे, तेवढे पुरते.

1947 चे कलम

बाबासाहेबांना हे नेमके दिसत होते. 1947 साली त्यांनी शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. त्यातल्या आर्थिक तरतुदींत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. पहिली, शेतजमीन राज्याने ताब्यात घ्यावी आणि जातधर्म न पाहता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यावी, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर असे कोणी उरणार नाही. दुसरी, विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा उतरवणे सक्तीचे असावे.

कारणेही त्यांनीच दिली. राज्याचा विमा असला की पैसे मिळण्यामागे संपूर्ण राज्याच्या साधनसंपत्तीची हमी उभी राहते, तशी ती खासगी कंपनीमागे राहत नाही. आणि लोकांच्या हप्त्यांतून जमणारा पैसा राज्याला नियोजनासाठी मिळतो, सावकारी व्याजाने बाजारातून उचलावा लागत नाही.

उजनीकाठी उभे राहून ही दोन कलमे वाचा. राज्याने जमीन घेतली, पण धरणासाठी. भूमिहीन मजूर तिथेच राहिला. आणि विम्याचे कलम संविधानात आलेच नाही.

त्याआधीचे कामही विसरू नये. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल 1944 मध्ये दिला. त्यातून पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. म्हणजे आरोग्य विमा ही आपल्यासाठी बाहेरून आलेली फॅशन नाही. पण तो कायदा कारखान्यातल्या कामगारापर्यंत पोहोचला, ऊस तोडणाऱ्यापर्यंत नाही.

विमा कोणासाठी होता?

भारतातली पहिली आयुर्विमा कंपनी, ओरिएंटल, 1818 साली कलकत्त्यात निघाली. ती युरोपियनांसाठी होती. पुढे भारतीयांचे विमे घेतले जाऊ लागले तरी भारतीय माणसाचे आयुष्य कमी प्रतीचे धरून त्याच्याकडून जादा हप्ता घेत. 1870 साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल सोसायटीने भारतीयांना सामान्य दराने विमा दिला. गोऱ्यांनी आपले आयुष्य कमी किमतीचे धरले, याचा राग तेव्हाच्या शिकलेल्या वर्गाला आला आणि तो रास्त होता. पण त्याच वर्गाच्या गावात वेशीबाहेरच्या माणसाच्या आयुष्याला काय किंमत होती, हा हिशेब कोणी मांडला नाही.

1938 साली विमा कायदा झाला. 19 जानेवारी 1956 ला आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. 245 विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह सोसायट्या एकत्र करून 1 सप्टेंबर 1956 रोजी एलआयसी सुरू झाली. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच्या सहा आठवडे आधी. त्यांच्या कलमातला अर्धा भाग, म्हणजे राज्याची मक्तेदारी, अशी प्रत्यक्षात आली. दुसरा अर्धा भाग, म्हणजे प्रत्येकाला विमा, राहूनच गेला. तो प्रत्येकाच्या दारात नेण्याऐवजी एजंटाच्या पायांवर सोडला गेला. एजंट जिथे जाईल तिथे विमा. आणि एजंट आधी आपल्या घरात, भावकीत, ओळखीत जातो. त्यामुळे ज्या वस्तीत एजंट नाही, तिथे विमाही उशिरा पोहोचतो.

बलुते आणि कमिशन

म्हणून लायसन्सचा प्रश्न महत्त्वाचा. 1938 च्या कायद्याच्या कलम 42 ने एजंटाला लायसन्स बंधनकारक केले. कोणाला ते मिळणार नाही, याची यादी कायद्यात होती : अज्ञान, वेडसर, अफरातफरीत दोषी ठरलेला. त्या यादीत जात नव्हती. वतनाचे काम जन्माने गळ्यात पडायचे. लायसन्स अर्ज करून मिळते.

बलुते सुगीला खळ्यावर मिळायचे. किती द्यायचे ते देणाऱ्याच्या मर्जीवर. कमिशन कायद्याच्या चौकटीत ठरते. पूर्वी कलम 40 अ मध्ये पहिल्या वर्षाला साधारणपणे 35 टक्क्यांची कमाल मर्यादा होती, आता विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांखाली कंपनीचे धोरण ते ठरवते. पाटलाच्या मुलाला वेगळा दर आणि आपल्या मुलाला वेगळा, असे करता येत नाही.

कलम 41 तर आपल्या मुलांनी पाठच करावे. एजंटाने आपल्या कमिशनातला वाटा ग्राहकाला परत देणे गुन्हा आहे. 2015 पासून त्याला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. गावात पैसेवाला एजंट ‘पहिला हप्ता मी भरतो’ म्हणून गिऱ्हाईक ओढतो. ज्याच्याकडे भांडवल नाही, तो तिथे टिकत नाही. हे कलम भांडवल नसलेल्या एजंटाचे संरक्षण आहे.

दार उघडले, चौकट बदलली

1999 चा कायदा झाला आणि 2000 सालापासून खासगी कंपन्या आल्या. राज्याची मक्तेदारी संपली. बाबासाहेबांनी ही तरतूद साध्या कायद्यात नको, संविधानात हवी असे का म्हटले होते, ते इथे कळते. संसदेतले बहुमत बदलले की कायदा बदलतो. परकीय भांडवलाची मर्यादा 26 टक्क्यांवरून 2015 ला 49 आणि 2021 ला 74 टक्के झाली. 2022 साली एलआयसीचे शेअर बाजारात आले.

एजंटाचे नियमही बदलले. 2000 च्या नियमांत 100 तासांचे प्रशिक्षण होते, आणि पाच हजारांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात दहावी पास पुरे, मोठ्या गावात बारावी. आज सगळीकडे दहावी पास आणि वय 18 पूर्ण हवे. कंपनीकडे अर्ज करायचा, प्रशिक्षण घ्यायचे आणि ‘आयसी 38’ ही संगणकावरची परीक्षा द्यायची. 50 प्रश्न, एक तास, आणि मराठीत देता येते. एका वेळी एक आयुर्विमा, एक सर्वसाधारण विमा आणि एक आरोग्य विमा कंपनी, अशा तिन्हींचे काम करता येते.

पण एक बदल नीट लक्षात घ्या. 2015 च्या दुरुस्तीने लायसन्स हा प्रकारच काढून टाकला. आता कंपनी ‘नियुक्ती’ करते. आपण बोलताना लायसन्स म्हणतो, पण हातात येते ते कंपनीचे नियुक्तिपत्र. परीक्षा आपण पास व्हायचे आणि ठेवायचे की काढायचे, हे कंपनी बघणार. पगार नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या एलआयसीच्या बीमा सखी योजनेत महिलांना पहिल्या वर्षी दरमहा 7,000, मग 6,000, मग 5,000 रुपये मिळतात. तेही ठरलेल्या पॉलिसी आणल्या तरच, आणि तीन वर्षेच. हे मानधन आहे, नोकरी नाही. हे माहीत असून आत जायचे.

मग आपण काय करायचे?

21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळात उजनीच्या पाण्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ज्या पाण्याने गावे तोडली, ते ओलांडायला लोकांना जीव हातात घ्यावा लागतो. मासेमारी करणारा, बोटीने मजुरीला जाणारा, उसाच्या ट्रॉलीवर बसणारा, या प्रत्येकाच्या घरात विचारा की कर्ता माणूस गेला तर काय? उत्तर बहुतेक ‘उसनवारी’ असेल.

म्हणून वस्तीवस्तीत एक तरी मुलगा किंवा मुलगी या परीक्षेला बसलीच पाहिजे. पण पॉलिसी विकण्याआधी काही कामे करावीत.

वीस रुपयांचा सुरक्षा विमा आणि 436 रुपयांचा जीवनज्योती विमा बँक खात्यातून होतो. कमिशनचा विचार न करता आधी तेच भरून घ्या. दोन्हींत दोन लाखांचे संरक्षण आहे. दोन्हींचे वर्ष 31 मेला संपते. पुढचा हप्ता कापायला खात्यात पैसे नसले की संरक्षण थांबते, हे घरोघरी सांगा.

आरोग्य विमा विकण्याआधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणते उपचार मोफत होतात, ते सांगा. मग खासगी पॉलिसीत आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, हेही सांगा.

प्रस्ताव फॉर्ममध्ये आजार, तंबाखू, वय काहीही लपवू नका. कलम 45 प्रमाणे तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर शंका घेता येत नाही. त्याआधी लपवलेली गोष्ट सापडली तर विधवेच्या हातात नकाराचे पत्र येते.

मोठ्या हप्त्याची बचत पॉलिसी मजुराच्या गळ्यात मारू नका. दोन हप्ते भरून ती बंद पडली तर त्याचे नुकसान झाले आणि तुमचे कमिशन मात्र वसूल झाले. जो आपल्याच माणसांना असा फसवतो, त्याने जुन्या सावकाराची जागा घेतली असे समजावे.

आणि क्लेमच्या दिवशी पळून जाऊ नका. वस्तीला एजंटाची खरी गरज त्या दिवशी असते.

लायसन्सने मुक्ती मिळत नाही. बाबासाहेबांनी मागितला होता तो प्रत्येकाचा हक्काचा विमा, ज्याचा हप्ता मजुरीच्या प्रमाणात आणि ज्याची हमी राज्याची. ती मागणी आजही उभी आहे आणि ती आपणच पुढे न्यायची आहे. पण ती मांडायला विम्याचा कायदा कलमवार माहीत असलेली माणसे लागतील. दहावी पास व्हा, परीक्षेला बसा, आणि ते कलम पुन्हा वाचा.

जय भीम!