नारूचे निर्मूलन

नारू हा ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस या परजीवी गोलकृमीमुळे होणारा रोग असून खुद्द कृमीलाही नारूच म्हणतात. तो मुख्यत्वे दूषित पाणी पिण्याने होतो. त्यावर लस नाही व कृमीचा नाश करणारे औषधही नाही. एकदा रोग होऊन गेला, तरी पुढे संरक्षण मिळत नाही. असे असूनही भारतातून नारू नाहीसा झाला. पाणी भरण्याच्या व पिण्याच्या रीतीत घडविलेला बदल हे त्याचे प्रमुख कारण होय.

प्राचीन उल्लेख : ईजिप्तमधील एबर्स पपायरसात (इ. स. पू. सु. १५५०) या रोगाचा उल्लेख असावा, असे मानतात. त्वचेबाहेर डोकावणारा कृमी काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढणे, हा उपचार शतकानुशतके चालत आला. कृमी मध्येच तुटल्यास तीव्र दाह होतो. म्हणून या उपचारास कित्येक आठवडे लागतात.

जीवनचक्र : रशियन निसर्गवैज्ञानिक अलेक्सेई फेदचेंको यांनी १८७० च्या सुमारास तुर्कस्तानात केलेल्या अभ्यासातून या कृमीच्या प्रसारातील सायक्लॉप्स या सूक्ष्म कवचधारी जलचराचा भाग उघड झाला. सायक्लॉप्स पाण्याबरोबर पोटात गेल्यावर त्यातील डिंभ मोकळे होऊन शरीरात शिरतात. सुमारे एका वर्षाने ६० ते १०० सेंमी. लांबीची मादी बहुधा पायाच्या त्वचेखाली येते व तेथे फोड उठतो. आग शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवितो, तेव्हा मादी असंख्य डिंभ पाण्यात सोडते. ते सायक्लॉप्सच्या पोटात जाऊन सुमारे दोन आठवड्यांत संसर्गक्षम होतात.

राजस्थानातील बावडी किंवा महाराष्ट्रातील पायविहीर या चक्रास फार अनुकूल होती. पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहूनच घागर भरली जाई. ज्याच्या पायाला नारू, त्याचाच पाय गावाच्या पिण्याच्या पाण्यात पडे. ऐन शेतीच्या हंगामात घरातील कर्ते माणूस अंथरुणास खिळले, की त्या घराची पेरणी व मजुरी दोन्ही बुडत.

निर्मूलन : जलस्रोतांची सुधारणा करून रोग हटविता येतो, हे बुखारा (उझबेकिस्तान) येथे १९३१ पर्यंत सिद्ध झाले होते. तेथील रोगकारक उघडे हौद काढून टाकण्यात आले. भारतात १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रासह सात राज्ये रोगग्रस्त होती व १९८४ मध्ये सु. ४०,००० रोगी नोंदले गेले. घरोघर रोगी शोधणे, त्यांना पाण्यात उतरू न देणे, पायविहिरींना कठडा व रहाट बसविणे, हातपंप खोदणे, सायक्लॉप्सच्या नाशासाठी टेमेफॉस वापरणे व पाणी दुहेरी, दाट कापडातून गाळणे, हे त्यातील मुख्य उपाय होत. पाणी गाळून पिण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. तथापि विरळ किंवा फाटक्या फडक्यातून सायक्लॉप्स निसटतो, हे पटवून द्यावे लागले. हातपंपांची दुरुस्ती वेळेवर होणेही तितकेच महत्त्वाचे होते. कारण पंप बंद पडला, की लोक पुन्हा जुन्या विहिरीकडे वळत. म्हणून दक्षिण राजस्थानात स्त्रियांना पंपदुरुस्तीचे शिक्षण देण्यात आले.

भारतातील अखेरचा रोगी जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला. त्यानंतरही काही वर्षे शोधमोहीम चालू ठेवण्यात आली व फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. जगात १९८६ मध्ये सु. ३५ लक्ष रोगी असावेत, असा अंदाज होता; २०२४ मध्ये केवळ १५ रोगी नोंदले गेले. आफ्रिकेतील चाड इ. देशांत कुत्र्यांमध्येही हा कृमी आढळू लागल्यामुळे शेवटचा टप्पा लांबला आहे. मात्र मानवी रोगाचा हा ऱ्हास लस वा औषधाविना, मुख्यतः सुरक्षित पाण्याच्या व लोकांच्या दक्षतेच्या बळावर घडून आला आहे.