एकादशीच्या ताटातील परदेश

१/ हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे तेथेही आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी शिजते. हेच ताट खुद्द नामदेवांपुढे ठेवले असते, तर त्यातील बहुतेक जिन्नस त्यांना ओळखता आले नसते.

२/ नामदेवांचा काळ परंपरेने इ.स. १२७० ते १३५० असा धरतात. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोहोचला १४९२ मध्ये, वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये आणि पोर्तुगीजांनी गोवा जिंकले १५१० मध्ये. मिरची, शेंगदाणा, बटाटा, रताळे आणि ज्याच्या कंदापासून आज साबुदाणा होतो तो कसावा, ही पाचही पिके मूळची अमेरिका खंडातील. भारतात ती त्यानंतरच आली.

३/ मग त्यापूर्वी स्वयंपाकाला तिखटपणा कशाने येत असे? मिरी, आले आणि मोहरी यांनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात खाद्यपदार्थांचे सविस्तर वर्णन आहे. त्यात मिरी आहे, मिरची नाही.

४/ अर्थात तो राजाचा मुदपाकखाना. शिंप्याच्या घरचे रोजचे जेवण त्यात शोधता येत नाही. त्या घराची ओळख जनाबाईंमुळे होते. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंच्या नावावरील अभंगांत दळण, कांडण, शेणी वेचणे ही कामे येतात. सणाचे पक्वान्न असो की रोजची भाकरी, तिची सुरुवात पहाटेच्या जात्यापासून होई.

५/ नव्या पिकांची वाट शब्दांतही उमटली आहे. 'मिरी'वरून 'मिरची' झाली. शेंगा जमिनीखाली धरणाऱ्या रोपाला ओळखीच्या मुगाचे नाव मिळाले आणि तो 'भुईमूग' झाला. 'बटाटा' तर पोर्तुगीजांच्या 'बटाटा'तूनच आला. थायलंडमध्येही असेच घडले. तेथे 'फ्रिक' म्हणजे मिरची, आणि जुन्या काळ्या मिरीला आता 'फ्रिक थाई', म्हणजे 'थाई मिरची', म्हणावे लागते. पाहुणी घरची झाली आणि घरच्या मिरीला वेगळी ओळख सांगावी लागली.

६/ परंतु सोवळ्याच्या स्वयंपाकघरात ही पिके शिरली कशी? एकादशीला वर्ज्य असतात ती धान्ये आणि कडधान्ये, तर कंदमुळे आणि फळे चालतात. नियम घडले तेव्हा बटाटा किंवा कसावा येथे नव्हताच, त्यामुळे वर्ज्य पदार्थांत त्यांचे नाव असण्याचे कारण नव्हते. कंद म्हणून त्यांना सहज वाट मिळाली, असे दिसते.

७/ यातून एक विलक्षण विसंगती जन्मली. हळद ही या भूमीची प्राचीन सोबतीण. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही बहुतेक मराठी घरांत उपवासाच्या पदार्थांत हळद घालत नाहीत. अमेरिकेहून आलेली हिरवी मिरची मात्र चालते.

८/ साबुदाण्याची कथा त्याहूनही अलीकडची. मूळ साबुदाणा आग्नेय आशियातील साबुताडाच्या गाभ्यापासून होई. मलय भाषेत त्याला 'सागू' म्हणतात. कसावाच्या लागवडीला त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८०–८५) यांनी प्रोत्साहन दिले. तमिळनाडूतील सेलम परिसरात साबुदाण्याचा उद्योग उभा राहिला तो १९४० च्या दशकात. घराघरांतील 'पारंपरिक' खिचडीमागचा हा देशी कारखाना अजून शंभर वर्षांचाही नाही.

९/ हाच 'सागू' थायलंडमध्ये 'साखू' झाला. तेथे साबुदाण्याच्या पारीत डुकराच्या मांसाचा खिमा आणि शेंगदाणे भरून वाफवलेले गोळे आवडीने खाल्ले जातात. नरसीत व्रताचे अन्न, बँकॉकच्या रस्त्यावर सामिष खाऊ. पावित्र्य दाण्यात नसते, ते त्या त्या समाजाच्या आचारात असते.

१०/ मग नामदेवांना या ताटातील काय ओळखता आले असते? कदाचित भगर. ती जुन्या तृणधान्यांपैकी. आणि द्वादशीला पारण्याच्या वेळी समोर आली असती तर ज्वारीची भाकरीही.

११/ पण ज्वारीही मूळची येथील नव्हे. तिचे आद्य घर आफ्रिका. काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि मराठवाड्याची भाकरी झाली. आज हिंगोलीच्या शिवारात सोयाबीनची चलती आहे आणि ते पीक मूळचे चीनकडचे. सणाच्या ताटातील अमुक पदार्थ 'आपला' आणि तमुक 'परका', असा वाद घालण्यापूर्वी त्या ताटाचे वय तपासून पाहावे. त्यात जनाबाईंच्या जात्याइतके जुने फारच थोडे सापडते.