भावनिक आधाराची हेल्पलाइन

भावनिक आधाराची हेल्पलाइन : असह्य ताण, निराशा किंवा आत्महत्येच्या विचारांनी घेरलेल्या व्यक्तीचे दूरध्वनीवरून ऐकून घेणारी, तिला धीर देणारी आणि गरज पडल्यास उपचारांपर्यंत पोहोचवणारी सेवा.

इतिहास : लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चचे धर्मगुरू चॅड व्हारा (१९११–२००७) यांनी नोव्हेंबर १९५३ मध्ये अशी सेवा सुरू केली. पुढे ती ‘समॅरिटन्स’ या नावाने ओळखली गेली. व्हारा स्वतः समुपदेशन करीत. भेटीसाठी ताटकळणाऱ्यांना स्वयंसेवक चहा देत, त्यांच्याशी बोलत बसत. या बोलण्यानेच अनेकांचे मन मोकळे होते आणि मग त्यांना आपली गरज उरत नाही, हे व्हारांच्या ध्यानात आले. १९५४ मध्ये त्यांनी हे काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवले. सल्ल्याआधी ऐकणे, हे या सेवेचे मूलतत्त्व तेथून रूढ झाले. भारतात मनोविकारतज्ज्ञ लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये चेन्नईत ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवा २०१२ मध्ये सुरू झाली.

टेलि-मानस : केंद्र सरकारची ही निःशुल्क सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सुरू झाली. बंगळुरूची निमहान्स ही तिची मध्यवर्ती संस्था आहे. मराठीसह अनेक भाषांत ती चोवीस तास उपलब्ध असते. पहिल्या स्तरावर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरजेप्रमाणे ते मनोविकारतज्ज्ञांशी किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी जोडून देतात.

कार्यपद्धती : समुपदेशक फोन करणाऱ्याला न अडवता बोलू देतो; दोष देणे, उपदेश करणे किंवा ‘एवढं काय त्यात’ म्हणून बोळवण करणे टाळतो. आत्महत्येचे विचार येतात का, हे तो स्पष्टपणे विचारतो. अशा विचारण्याने ते विचार बळावतात हा समज चुकीचा आहे. उलट कोंडलेले बोलायला वाट मिळते. त्यानंतर पुढचे काही तास कसे काढायचे, सोबतीला कोणाला बोलवायचे, हे दोघे मिळून ठरवतात. संभाषण गोपनीय राहते. मात्र जिवाला धोका दिसल्यास इतरांची मदत घेतली जाऊ शकते.

मर्यादा : हेल्पलाइन ही उपचारांची जागा घेत नाही. झोप उडणे, भूक मरणे, रोजची कामे न सुधरणे असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालल्यास डॉक्टरांना भेटणे आवश्यक असते. दाटीवाटीच्या घरात फोनवर मोकळेपणी बोलता येत नाही, हीही अनेकांची अडचण असते.

कायदा : मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते. तिला काळजी, उपचार व पुनर्वसन पुरवण्याचे कर्तव्य सरकारवर आहे. त्यामुळे पोलीस मागे लागतील या भीतीने मदत टाळण्याचे कारण नाही.

टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. जिवाला तातडीचा धोका असल्यास ११२ वर फोन करावा आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये.